एक मास्तर, चार इयत्ता

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

चार इयत्तांची मुलं एका खोलीत बसवून एकाच शिक्षकानं शिकवायचं, याला शिक्षणखात्याच्या कागदावर 'बहुवर्ग अध्यापन' असं भारदस्त नाव आहे. शिक्षक आपसांत बोलताना 'जोडवर्ग' म्हणतात. गावातली माणसं काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांच्या लेखी शाळा तेवढीच असते. नांदेड जिल्ह्याचा उत्तरेकडचा पट्टा घ्या. हदगाव, हिमायतनगर, किनवट, माहूर. हदगाव, तामसा, निवघा, मनाठा ही बाजाराची गावं. तिथल्या शाळांना वर्ग आहेत, वर्गांना खोल्या आहेत. पण डांबरी रस्ता सोडून आत वळलं, की वाड्या, तांडे, गुडे लागतात. तिथं पहिलीत पाच, दुसरीत तीन, तिसरीत सहा आणि चौथीत चार असा पट असतो. अठरा मुलं आणि चार इयत्ता. शिक्षक कागदावर दोन असले तरी त्यातले एक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले, की त्या दिवशी शाळा एकाच माणसाची.

मग तो माणूस काय करतो? पहिलीला अक्षरं गिरवायला लावतो, दुसरीला पाढे लिहायला सांगतो, तिसरीला धडा वाचायला देतो आणि चौथीचा भागाकार सुरू करतो. भागाकाराची दुसरी पायरी येईपर्यंत पहिलीतलं एक पोर पाटी घेऊन पुढ्यात उभं राहतं, "गुर्जी, झालं." गुरुजी पाटी बघतात, तोवर चौथीतला धागा तुटतो. दिवसभर हेच. संध्याकाळी गळा बसलेला आणि मनाला हुरहुर, की आज कुणालाच पुरतं शिकवून झालं नाही.

आपण या खोलीकडे नेहमी अडचण म्हणून बघतो. गरिबीची, दुर्गमतेची, सरकारी अनास्थेची खूण म्हणून बघतो. त्यात तथ्य आहेच. पण मागं वळून पाहिलं तर दिसतं, की अनेक पातळ्यांची मुलं आणि एक शिक्षक ही आपल्याकडे शेकडो वर्षांची रीत होती. तिची अडचण नंतर झाली. ती कशी झाली, आणि त्या एकट्या शिक्षकाला मदत करायचे कोणते प्रयत्न झाले, ते सांगावं म्हणतो.

पंतोजींची शाळा आठवा. आपल्यापैकी कुणी ती पाहिलेली नाही, पण आजोबा-पणजोबांकडून ऐकलेली आहे. कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात भरायची. मुलानं कधी यायचं याला जून महिना नव्हता. दसऱ्याला पाटीपूजन करून बसवलं, की झाला तो शाळेतला. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, मग मोडी, आणि शेवटी जुनी पत्रं नि कागद वाचायचे. हिशेबात पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. ज्याचं जिथवर झालं असेल, तिथून पुढं तो जायचा. शेजारचा मुलगा कुठं आहे याच्याशी त्याचा संबंध नसे. मोठी मुलं लहानांचा हात धरून गिरवून घेत. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून परवचा म्हणायचा. त्यात लहान पोरं मोठ्यांच्या सुरात सूर मिसळता मिसळता पुढचे पाढे कानानंच शिकायची. पंतोजींचा मोबदला थोडा पैशात, बराचसा शिध्यात.

या शाळेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिथं मुली नव्हत्या. गावकुसाबाहेरची मुलं नव्हती. घोकंपट्टी भरपूर आणि छडी त्याहून भरपूर. पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना मुलींची शाळा नव्यानं काढावी लागली, ती काही उगाच नव्हे. पण आपल्या विषयापुरतं एक लक्षात घ्या. वीस मुलं वीस ठिकाणी असणं हे त्या पंतोजीला संकट वाटत नव्हतं. त्याच्या कामाची घडीच तशी होती.

या घडीची कीर्ती कुठवर गेली पाहा. अँड्रयू बेल नावाचा एक स्कॉटिश धर्मोपदेशक मद्रासेत होता. १७८९ पासून एग्मोर इथल्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचा कारभार त्याच्याकडे होता. एका देशी शाळेत मुलं वाळूवर बोटानं अक्षरं काढताना त्यानं पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणायची असं त्याच्या मनानं घेतलं. पगारी शिक्षकांनी दाद दिली नाही, तेव्हा त्यानं आठ वर्षांच्या एका मुलाला धाकट्यांचा शिक्षक केलं. ते जमलं. मुलांनी मुलांना शिकवण्याची ही पद्धत त्यानं १७९७ मध्ये लंडनला पुस्तक काढून मांडली. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टरनं लंडनमध्ये असाच प्रयोग केला, आणि पुढं दोघांच्या अनुयायांत श्रेयावरून चांगलीच जुंपली. कंपनीच्या संचालकांनी जून १८१४ च्या खलित्यात स्वच्छ कबूल केलं, की हिंदुस्थानातल्या गावशिक्षकांची ही पद्धत बेलमार्फत इंग्लंडात आली आहे. तीच पद्धत १८२० च्या दशकात 'लँकेस्टर पद्धत' असं साहेबी नाव घेऊन मुंबई इलाख्यात परत आली. आपलाच माल, वर मजुरी देऊन परत घेतला!

अर्थात जाताना तिचं रूप बदललं होतं. ओसरीवरची वीस मुलं जाऊन शेकडो मुलांचं सभागृह आलं. दादा-ताईनं धाकट्याचा हात धरण्याऐवजी इशाऱ्यावर चालणारी कवायत आली. कमी खर्चात खूप मुलं, हा तिचा खरा आकर्षणबिंदू होता. 'मुलंच मुलांना शिकवतील' हे वाक्य तेव्हापासून दोन तोंडांनी बोललं गेलं आहे. एका तोंडानं शिकण्याविषयी, दुसऱ्या तोंडानं शिक्षकाचा पगार वाचवण्याविषयी. आजही कुणी हे वाक्य बोललं, की कोणत्या तोंडानं बोलतोय ते आधी बघावं.

मग इयत्ता आली. हा शब्द मुळात संस्कृत, आणि त्याचा अर्थ 'एवढेपणा', मोजमाप, मर्यादा. आपण तो फार नेमका निवडला असं म्हणावं लागेल. इंग्लंडात १८६२ च्या नियमावलीनं प्राथमिक शाळांसाठी 'स्टँडर्ड' ठरवून दिले. अमुक स्टँडर्डच्या मुलाला अमुक वाचता आलं पाहिजे, अमुक गणित आलं पाहिजे. तपासनीस येणार, एकेकाची परीक्षा घेणार आणि निकालावर शाळेचं अनुदान ठरणार. हे वारं मुंबई इलाख्यातही आलं. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकं तयार झालेली होतीच. पहिलं पुस्तक, दुसरं पुस्तक, तिसरं पुस्तक. पुस्तकांना क्रमांक, मुलांना इयत्ता, वर्षाला परीक्षा. शहरात प्रत्येक इयत्तेला खोली मिळाली, खोलीला मास्तर मिळाला. तिथं ही व्यवस्था बसली, आणि तिनं फायदाही केला. कुठल्या मुलाला काय यायला हवं हे निदान ठरलं, आणि शाळेतून पंतोजींची लहर गेली.

खेड्यात मात्र इयत्ता चार आल्या आणि मास्तर एकच राहिला. जी मुलं काल वीस ठिकाणी होती, ती आजही वीस ठिकाणीच होती. पण आता त्यांना चार रकान्यांत बसवायचं आणि चारही रकाने वर्षअखेर एकदम भरून दाखवायचे, हे काम त्या एका माणसावर आलं. जोडवर्गाची अडचण जन्मली ती इथं. मुलांमुळे नव्हे, रकान्यांमुळे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते होता होईतो शेतकरी समाजातले असावेत आणि त्यांना महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, असं मागितलं होतं. खेड्यातल्या मास्तराच्या डोक्यावरचं ओझं ज्यांना दिसलं, त्यांत फुले फार वर येतात.

आता हदगावकडे येऊ. हे सगळं मुंबई इलाख्यात चाललं असताना आपला भाग निजामाच्या राज्यात होता. आणि हदगाव तर ऐन सीमेवर. पैनगंगेच्या अलीकडं निजाम, पलीकडं उमरखेड-पुसदचा वऱ्हाड. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६० च्या दशकात तिथं शिक्षणखातं उभं राहिलं आणि मराठी शाळा निघू लागल्या. नदीच्या दोन्ही काठांवर भाषा तीच, ज्वारी-कापूस तोच, सोयरीकही होत असणार. पण शाळा दोन राज्यांच्या. अलीकडं १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. खानगी शाळा काढायची तर परवानगीचा ससेमिरा. त्यामुळं मराठवाड्यात आडगावच्या मुलाला अक्षर भेटलं, ते बरेचदा पंतोजीच्या जुन्या रिवाजानंच, फार उशिरापर्यंत. ज्यांनी याला टक्कर दिली, त्यांच्या शाळा चळवळीच्या शाळा झाल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. पुढं जे स्वामी रामानंद तीर्थ झाले, ते या शाळेचे मुख्याध्यापक होते. या शाळांनी माणसं घडवली. तांड्यावरच्या वीस मुलांपर्यंत पोचणं मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. या काळात गावोगाव शाळा निघाल्या आणि त्यातल्या कितीतरी एकशिक्षकी निघाल्या. दुसरा मार्गच नव्हता. वस्ती विखुरलेली, मुलं थोडी, पैसा त्याहून थोडा.

या टप्प्यावर एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले, खेड्यात राहून काम केलेले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी जोडलेले, आणि पुढं १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. शिक्षणातले बडे लोक विद्यापीठांविषयी लिहीत होते, त्या काळात, १९५३ मध्ये, नाईकांनी एकशिक्षकी शाळा या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयानं ते प्रसिद्ध केलं. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की ही शाळा म्हणजे मोठ्या शाळेची मोडकी प्रत नव्हे, तिचा म्हणून वेगळा विचार करायला हवा, हे त्या विषयनिवडीतच आलं. दुर्दैवानं पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत धोरणांचा सूर वेगळाच राहिला. एकशिक्षकी शाळा हे एक कलंकाचं चिन्ह, ते पुसायचं. पुसता येत नाही तोवर त्याकडं बघायचं नाही.

पुसायचा मोठा प्रयत्न म्हणजे खडू-फळा योजना. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून ती आली आणि १९८७ पासून सुरू झाली. त्या वेळी देशातल्या दर चार प्राथमिक शाळांमागं एकाहून अधिक शाळा एकशिक्षकी होती. योजनेनं ठरवलं, की प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि त्यातली शक्यतो एक बाई. शिवाय नकाशे, पृथ्वीचा गोल, विज्ञानाची पेटी, खेळाचं साहित्य. दुसरा शिक्षक मिळणं ही खरोखर मोठी गोष्ट होती, आणि ज्या शाळेत बाई आल्या तिथं मुली आल्या. पण साहित्याचं काय झालं, ते त्या काळातल्या कुणाही शिक्षकाला विचारा. पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. वस्तू फुटली तर नोंदवहीत उत्तर कोण देणार? आणि दुसरा शिक्षक आला तरी गणित उरलंच. चार भागिले दोन म्हणजे माणशी दोन इयत्ता. जोडवर्ग गेला नाही, फक्त अर्धा झाला.

शिक्षकाच्या हाताला काही तरी देण्याचा प्रयत्न नांदेड-लातूरनं प्रथम पाहिला तो १९९४ नंतर. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, ज्याला सगळे 'डीपीईपी' म्हणत, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले पाच जिल्हे होते आणि पाचही मराठवाड्यातले. औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी. जागतिक बँकेचं कर्ज होतं म्हणून त्यावर टीकाही झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. पण या कार्यक्रमानं दोन गोष्टी केल्या. एक, तालुक्याला गटसाधन केंद्र आणि आठ-दहा शाळांमागं समूह साधन केंद्र. केंद्रप्रमुख हे पदही याच सुमाराला रूढ झालं. दुसरी, प्रत्येक शिक्षकाला वर्षाला पाचशे रुपये शैक्षणिक साहित्यासाठी आणि शाळेला दोन हजार. पाचशे रुपये आज किरकोळ वाटतील. पण त्याआधी तांड्यावरच्या शिक्षकाला 'तुला काय लागतं ते तू ठरव' असं कुणी म्हटलं नव्हतं. पुठ्ठे आले, शब्दपट्ट्या आल्या, चिंचोके-मण्यांच्या माळा आल्या. पहिलीची तीन पोरं पट्ट्या जुळवत बसली, की तेवढी वीस मिनिटं चौथीच्या भागाकाराला मिळतात. मदत म्हणतात ती याला. वीस मिनिटं.

केंद्रावरच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेचंही तसंच. एकट्या शाळेतल्या शिक्षकाला आपल्यासारखाच दुसरा भेटतो, त्याचा वर्ग कसा बसवतो ते ऐकायला मिळतं. हे जिथं नीट झालं तिथं उपयोगाचं ठरलं. जिथं परिषद म्हणजे माहितीचे तक्ते भरून घेण्याची जागा झाली, तिथं शिक्षक आणखी एक दिवस शाळेबाहेर राहिला, एवढंच झालं. केंद्रप्रमुखाची वाटचालही मार्गदर्शकाकडून टपालवाल्याकडं कशी होत गेली, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

२००० साली राज्य सरकारनं वस्तीशाळा योजना आणली. जिथं शाळा नाही अशा वस्तीवर, गावातल्याच शिकलेल्या तरुण-तरुणीला नेमून, महिना हजाराच्या घरात मानधन देऊन शाळा चालवायची. वस्तीशाळा बहुतेक एकशिक्षकीच असणार, हे योजनेतच होतं. मानधनाच्या बाबतीत या स्वयंसेवकांचे हाल झाले. नियमित शिक्षक म्हणून सामावून घेतलं जायला २०१४ उजाडलं. पण एक गोष्ट त्यांच्याकडे होती जी डी.एड. झालेल्या बाहेरगावच्या शिक्षकाकडे नसे. त्यांना मुलांची भाषा येत होती. आपल्या पट्ट्यात हे फार मोठं आहे. तांड्यावरचं मूल गोरमाटी बोलत शाळेत येतं, किनवटच्या डोंगरातलं गोंडी किंवा कोलामी बोलत येतं. पहिलीच्या पोराला 'पुस्तक उघड' हे कळत नाही, तेव्हा त्याच खोलीत बसलेली तिसरीतली बहीण त्याला ते सांगते. चार इयत्ता चार खोल्यांत असत्या तर ही दुभाषी भिंतीपलीकडं बसली असती.

पुस्तकच बदलून बघायचं धाडस मात्र आपल्या शेजाऱ्यांनी केलं. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅली आहे, जे. कृष्णमूर्तींच्या विचारांची शाळा. तिच्या आसपासच्या खेड्यांत एकशिक्षकी शाळा चालवताना पद्मनाभ राव आणि रमा राव या दांपत्यानं पाठ्यपुस्तक सोडवून सुटं केलं. प्रत्येक धड्याची कार्डं, कार्डांवर प्राण्या-पक्ष्यांची चिन्हं आणि भिंतीवर एक शिडी. मूल येतं, शिडीवर आपण कुठं आहोत ते बघतं, आपलं कार्ड उचलतं. काही कार्डं शिक्षकाबरोबर करायची, काही मित्रांबरोबर, काही एकट्यानं. त्यामुळं एका वेळी शिक्षकाभोवती पाच-सहाच मुलं असतात आणि बाकीची कामात असतात. १९९५ मध्ये कर्नाटकातल्या म्हैसूर जिल्ह्यात, हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, सरकारी शिक्षकांनी ही पद्धत पाहून आपली 'नली-कली' उभी केली. पुढं ती कर्नाटकाच्या सरकारी कन्नड शाळांत पहिली-दुसरीपासून राज्यभर गेली. देगलूर-उदगीरकडून बिदरला जाणाऱ्यांना ती सीमेपलीकडं दिसते. तिकडं दूर कोलंबियातही १९७० च्या दशकात खेड्यातल्या छोट्या शाळांसाठी असाच विचार झाला होता, आणि तोही शिक्षकांना बरोबर घेऊनच.

शिडीचा मोठा गुण आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल. नांदेड-लातूरच्या कोरडवाहू भागातली कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. लेकरं त्यांच्याबरोबर जातात. हंगामी वसतिगृहांनी काही मुलं गावात राहतात, सगळी नाही. मार्च-एप्रिलमध्ये मूल परत येतं तेव्हा इयत्ता पुढं निघून गेलेली असते. पुस्तकाचा धडा बारावा आणि हे थांबलं होतं पाचव्यावर. शिडीवर मात्र ते जिथं उतरलं होतं तिथंच परत चढतं. पंतोजीच्या धूळपाटीवरही ते तिथूनच सुरू झालं असतं.

म्हणून कार्डं वाटली की काम झालं, असं नाही. कार्डं फाटतात, हरवतात, दरवर्षी नवी लागतात. शिक्षकाची बदली होते आणि नव्याला शिडी वाचता येत नाही. पालक विचारतात, "पुस्तक कुठंय?" आणि वरून हुकूम सुटला, की अमुक तारखेपर्यंत सगळी मुलं अमुक पायरीवर हवीत, तर शिडीची पुन्हा इयत्ता होते. जी गोष्ट एका तालुक्यातल्या शिक्षकांनी मनापासून केली, ती परिपत्रकानं राज्यभर पसरवताना तिच्यातलं काय टिकतं, हा प्रश्न कर्नाटकालाही पडलाच. आपल्याकडं सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला. गावोगाव फरशीवर तक्ते रंगले, भिंतींना मुलांच्या उंचीचे फळे लागले. उंचीचा फळा ही जोडवर्गाला मोठी देणगी आहे. प्रत्येक गटाला आपली भिंत मिळते. फरशीवरचे तक्ते मात्र काही ठिकाणी रंग उडेपर्यंत तसेच राहिले, कुणी त्यावर बसलंच नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याकडं या नजरेनं बघितलं, तर एक गंमत दिसते. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, असं कायदा म्हणतो. शाळा पहिली ते चौथी किंवा पाचवी. म्हणजे साठपर्यंत पटाची प्रत्येक शाळा ही कायद्यानंच जोडवर्गाची शाळा आहे. तो अपवाद राहिलेला नाही. तरी शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमात बहुवर्ग अध्यापनाला जागा किती? सरावाचे मोजके पाठ. बाकी सगळी तयारी एका वर्गाची, एका विषयाची, पस्तीस-चाळीस मिनिटांची.

आणि मदतीचा प्रश्न सुटत नाही असं दिसलं, की शाळाच बंद करायचा विचार पुढं येतो. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं. २०२३ च्या सप्टेंबरात तोरणमाळ आणि पानशेतचा दाखला देऊन समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा वीसपर्यंत पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुलं शिकत होती. २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय झाला, आधी वीस पटासाठी, मग दहासाठी, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो मागं घेण्यात आला. समूह शाळेच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. मोठ्या शाळेत मैदान असतं, ग्रंथालय असतं, बरोबरीची मुलं असतात. पण श्रावणात नाले भरून वाहतात तेव्हा सहा वर्षांचं लेकरू गाडीत बसून जाईल का, आणि गाडी बंद पडली की आधी कुणाची शाळा सुटेल, मुलाची की मुलीची, हे तांड्यावरच्या आईला विचारायला नको. तिला उत्तर माहीत आहे.

२०२४-२५ च्या सरकारी आकडेवारीत देशात १,०४,१२५ शाळा एकशिक्षकी होत्या. त्यातल्या ८,१५२ महाराष्ट्रातल्या. दोन शिक्षकांच्या शाळा यात नाहीत.

जूनमध्ये बालभारतीची पुस्तकं शाळेत येतात, ती इयत्तेच्या गठ्ठ्यांनी येतात. काही शिक्षक वाटप झालं की चारही इयत्तांची पुस्तकं जमिनीवर शेजारी शेजारी उघडून बसतात. पाणी कुठं कुठं आलंय, बाजार कुठं आलाय, मोजमाप कुठं आलंय, ते पेन्सिलीनं खुणावतात. मग तामस्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळी शाळा बाजारच करते. पहिली भाज्यांची नावं सांगते, दुसरी नाणी मोजते, तिसरी यादी लिहिते, चौथी पावशेराचा भाव काढते. हे नियोजन एका पानावर मावतं. ते पान कुठल्याही तपासणीच्या नमुन्यात बसत नाही, म्हणून साहेब येणार असले की शिक्षक ते वहीत घालून ठेवतात आणि इयत्तावार टाचण पुढं करतात.